समुपदेशकाला गाव कसे कळावे?

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा घाट ओलांडल्यावर शिवगंगेचे खोरे सुरू होते. खेड शिवापूर मागे पडते, हवेली तालुका संपतो आणि भोर तालुक्याच्या हद्दीत महामार्गालगत शिवरे हे गाव लागते. पुण्यापासूनचे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. महामार्गावरच्या वाहनांना हे गाव दिसते आणि मागे पडते. एका बाजूला भातखाचरे, दुसऱ्या बाजूला कारखाने, गोदामे आणि ढाबे. मागच्या डोंगरपट्ट्यात धनगरवस्त्या आणि कातकरी वाड्या. कामासाठी परप्रांतातून आलेले मजूर आणि रोज पुण्याला ये-जा करणारे तरुण. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांचे आजचे समाजजीवन असे अनेक थरांचे आहे.

या पट्ट्यातील एखाद्या गावी पुण्यात शिकलेली एक तरुण समुपदेशक आठवड्यातून एकदा येऊ लागली, असे समजू. तिच्यासमोर पस्तिशीतली एक स्त्री बसली आहे. पाठ दुखते, डोके जड होते, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, ही तिची तक्रार. समुपदेशक प्रश्नावली काढते आणि विचारते, ‘‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटले का?’’ बाई म्हणतात, ‘‘नाही.’’ ‘‘निराश वाटले?’’ ‘‘नाही, तसं काही नाही.’’ प्रश्नावलीतील गुण कमी भरतात. बाईंना वेदनाशामक गोळ्या घेण्याचा सल्ला मिळतो. जाता जाता त्या एवढेच म्हणतात, ‘‘कुठं जीवच लागत नाही, बाई. कुठंतरी निघून जावंसं वाटतं.’’ हे वाक्य कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ते लिहिले जात नाही.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यातला धोका खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक विकारांच्या बाबतीत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले होते. तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, हे याचे एक कारण. जे तज्ज्ञ आहेत त्यांना समोरच्या माणसाची भाषा, त्याचे घर आणि त्याचा देव ठाऊक नसतो, हे दुसरे कारण. आणि त्याची चर्चा फार कमी होते.

आजाराची बोली

मनाच्या दुखण्याला प्रत्येक समाजाची स्वतःची बोली असते. ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्रात आणि पाठ्यपुस्तकात असतो. चुलीपाशी, बांधावर किंवा पाणवठ्यावर तो क्वचितच ऐकू येतो. तेथे ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात धडधडतं’, ‘अन्नावरची वासना गेली’, ‘डोक्यात विचार लागलाय’ असे म्हटले जाते. अलीकडे त्यात ‘टेन्शन’ या शब्दाची भर पडली असून कर्जापासून अपचनापर्यंत अनेक गोष्टी त्यात सामावतात. कोणता शब्द साधी कुरकुर आहे आणि कोणता शब्द धोक्याची सूचना आहे, हे शब्दकोशातून कळत नाही. तो शब्द कोणी, कोणासमोर, कोणत्या वेळी उच्चारला, यावरून ते कळते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा जो अभ्यास केला, तो या संदर्भात उद्बोधक आहे. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रजनन मार्गाच्या जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण आणि सामाजिक विवंचना यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध अधिक दृढ असल्याचे त्यात दिसून आले. मनाचे दुखणे सांगण्याची सोय नसेल, तर शरीराचे दुखणे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला ही बोली येत नसेल, तर तो शरीरावर उपचार करतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस यावर एक साधा उपाय मांडला. रुग्णाला निदान सांगण्यापूर्वी त्याचे स्वतःचे निदान विचारावे. तुम्हाला काय झाले आहे असे वाटते? त्याला तुम्ही काय म्हणता? ते केव्हा आणि का सुरू झाले? तुम्हाला कशाची सर्वांत जास्त भीती वाटते? कोणत्या उपायाने गुण येईल असे वाटते? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेत याच विचारावर आधारलेली सोळा प्रश्नांची मुलाखत समाविष्ट झाली. प्रश्न कोणालाही पाठ करता येतात. परंतु उत्तरे समजण्यासाठी त्या उत्तरांमागचे जगणे पाहिलेले असावे लागते. येथेच सहवासातून होणाऱ्या प्रशिक्षणाचा विचार सुरू होतो.

सहवासाची जुनी वाट

ज्यांना समजून घ्यायचे त्यांच्यात जाऊन राहावे, ही पद्धत मानववंशशास्त्राने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले आणि तेथील लोकांची भाषा शिकून त्यांनी आपले काम केले. महाराष्ट्रात इरावती कर्वे यांनी पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती मात्र वेगळ्या बसतात, हे त्यांनी त्यात नोंदवले आणि त्यामुळे वाटलेली अस्वस्थताही लपवली नाही. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या वस्त्यांवर आणि देवस्थानांत वर्षानुवर्षे हिंडून त्यांच्या मौखिक परंपरेचा अभ्यास केला.

पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्याशी निगडित असे आणखी एक मोठे काम म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, परंतु पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने १९८० च्या दशकापासून हे काम उभे केले. त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. सासर-माहेर, भावाची वाट पाहणे, मुलाचे मरण, नवऱ्याचा जाच, सीतेचा वनवास हे विषय त्यांत पुन्हापुन्हा येतात. दिवसा सासूसमोर जे बोलता येत नव्हते, ते पहाटे जात्यापाशी गाता येत होते. ग्रामीण स्त्रीच्या मनाचा इतका मोठा दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. समुपदेशनाच्या विद्यार्थ्याला परदेशी ग्रंथांबरोबर हा संग्रह वाचायला दिला, तर वरच्या प्रसंगातले ‘कुठंतरी निघून जावंसं वाटतं’ हे वाक्य त्याच्या कानावरून सहज निसटणार नाही.

वैद्यकीय शिक्षणात ही वाट महाराष्ट्राने बरीच आधी धरली. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिबिरासाठी तेथे मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या संपर्कात पुढेही राहतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य आणि ग्रामीण शिबिर हे तर शिक्षणाचे अंगच मानले जाते. समुपदेशनाच्या अनेक अभ्यासक्रमांत मात्र सराव बहुधा शहरातील शाळा, रुग्णालये आणि केंद्रांपुरता राहतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ची स्थापना केल्यानंतर आलेला अनुभव सर्वपरिचित आहे. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून भीती वाटते, कारण पांढरे कापड प्रेतावर घालतात, अशी उत्तरे मिळाली. मग गोंड वस्तीसारखी मांडणी असलेला दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. डॉक्टर होते, औषधेही होती. परंतु रुग्ण येण्यासाठी आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले.

मुक्कामात शिकायचे काय?

सहवासातून प्रशिक्षण म्हणजे सहल नव्हे. चार दिवस पिठले-भाकरी खाऊन, छायाचित्रे काढून परत येण्याने विद्यार्थ्याची हौस भागते, पण समज वाढत नाही. अशा प्रशिक्षणाचे साधारणतः तीन भाग असतात आणि त्यांतला एकही गाळता येत नाही.

पहिला भाग पूर्वतयारीचा. ज्या भागात जायचे त्याचा इतिहास, शेती, स्थलांतर, जातिरचना आणि तेथील मागच्या घडामोडी यांची माहिती घ्यावी लागते. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. तालुक्यातील भाटघरचे धरण ब्रिटिश काळातले. नीरा-देवघर आणि वेल्ह्यातील गुंजवणी ही धरणे नंतरची. धरणाखाली गाव गेलेल्या कुटुंबाच्या घरात आजही जमिनीचा विषय निघाला की आवाज का बदलतो, हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या घरातील भांडणाला केवळ ‘कौटुंबिक विसंवाद’ म्हणून मोकळा होईल.

दुसरा भाग प्रत्यक्ष मुक्कामाचा. या काळात विद्यार्थ्याने समुपदेशन करू नये, असा दंडक हवा. त्याचे काम पाहण्याचे, ऐकण्याचे आणि शक्य तेथे हातभार लावण्याचे. भातलावणीच्या दिवसांत बायकांना सकाळी अकराची वेळ देणे निरर्थक असते, हे लावणीच्या चिखलात उभे राहिल्यावर वेगळे शिकवावे लागत नाही. सून सासूसमोर काय बोलते आणि विहिरीवर काय बोलते, यातला फरक ऐकूनच कळतो. नाव-गाव विचारण्याच्या रीती असतात. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बाईला ते पुन्हापुन्हा विचारले, तर ती अवघडते. वयाने मोठ्या स्त्रीला मावशी म्हणायचे की आजी, घरच्या सुनेला वहिनी म्हणायचे की ताई, यावर पुढचे अर्धे संभाषण अवलंबून असते. चहाला नाही म्हणणे म्हणजे घराला नाही म्हणणे, असा अर्थ निघू शकतो.

तिसरा भाग चिंतनाचा, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. विद्यार्थ्याने रोज लिहिलेली टिपणे अनुभवी मार्गदर्शकासमोर वाचायची असतात. आज कशाचा राग आला? कशाची किळस वाटली? कोणाची दया आली? या प्रश्नांची उत्तरे गावापेक्षा विद्यार्थ्याविषयी अधिक सांगतात. मेलनी टर्व्हेलन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक विनम्रता’ ही कल्पना मांडली, ती याच अनुभवातून. दुसऱ्याची संस्कृती आपल्याला पूर्ण कळली, असा दावा करण्याऐवजी आपले अज्ञान आणि आपल्या हातातली सत्ता यांचे भान आयुष्यभर ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते.

देवऋषी, दर्गा आणि कायदा

शहरी समुपदेशकाची खरी कसोटी श्रद्धेच्या प्रश्नावर लागते. भोरमार्गे मांढरदेवच्या काळूबाईला जाणारे भाविक या पट्ट्याला नवीन नाहीत. खेड शिवापूरचा कमरअली दरवेश यांचा दर्गा सर्व धर्मांच्या लोकांचा आहे. अंगात येणे, बाहेरचे झाले असे मानणे, देवऋषाकडे जाऊन येणे हे अनेक घरांत डॉक्टरकडे जाण्याच्या आधी किंवा बरोबरीने घडते.

अशा वेळी ‘ही अंधश्रद्धा आहे’ असे पहिल्याच भेटीत सांगणारा समुपदेशक त्या घरात पुन्हा बोलावला जात नाही. पुण्यातील बापू ट्रस्टच्या संस्थापक, दिवंगत डॉ. भार्गवी दावर यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांवर येणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. तेथे येणाऱ्या स्त्रियांना घराबाहेर पडण्याची, दुःख मोठ्याने सांगण्याची आणि इतरांच्या सोबतीने ते सोसण्याची जागा मिळते, या बाजूकडे त्यांनी लक्ष वेधले.

मात्र आदर म्हणजे डोळेझाक नव्हे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोराने किंवा साखळीने बांधणे, चटके देणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. नवस फेडायला निघालेल्या कुटुंबाला ‘जाऊन या, औषध मात्र चुकवू नका’ असे सांगणे आणि मुलीला कोंडून ठेवलेले दिसताच तत्काळ हस्तक्षेप करणे, ही दोन्ही समुपदेशकाचीच कामे आहेत. त्यांतली सीमारेषा ओळखणे पाठ्यपुस्तकापेक्षा गावात अधिक चांगले शिकता येते.

मुक्काम कोणाच्या घरी?

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की, गाव ही एकच संस्कृती नसते. विद्यार्थ्याची सोय सहसा मोठ्या, पक्क्या, स्वच्छतागृह असलेल्या घरात होते. पाटलाच्या वाड्यात राहणाऱ्याला पाटलाच्या नजरेतले गाव दिसते. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. वीटभट्टीवर गेलेले कुटुंब वर्षातले कित्येक महिने वस्तीवर नसतेच. गोदामात बारा तास काम करणारा बिहारचा तरुण ‘गावकरी’ म्हणून कोणाच्या यादीत नसतो. मुक्कामाची घरे निवडताना ही माणसे गळली, तर विद्यार्थी जुनेच पूर्वग्रह नव्या आत्मविश्वासाने घेऊन परततो.

दुसरा आक्षेप लाभाचा. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते. गावाला काय मिळते? यजमान कुटुंबाला मानधन, आधी स्पष्ट संमती, कोणाचेही दुःख वर्गात नावानिशी न सांगण्याची हमी आणि त्याच गावी पुढे सेवा पोहोचवण्याची संस्थेची बांधिलकी, एवढे तरी असायलाच हवे. लहान गावात गुपित राहत नाही. नाव गाळून सांगितलेली हकिकतही ‘ती वरच्या आळीची’ म्हणून ओळखली जाऊ शकते.

तिसरा आक्षेप असा की, दिशा नेहमी शहराकडून गावाकडेच का? खेड्यात वाढलेल्या समुपदेशकाला पुण्यातल्या बंद दारांच्या गृहसंकुलातले एकाकी वृद्ध, समलिंगी तरुण किंवा रात्रपाळीत काम करणारी संगणक अभियंता हेही तितकेच अपरिचित असतात. सहवासाची गरज दोन्ही बाजूंना आहे.

गावातलाच कानोसा

यावर दुसरा मार्ग असा की, बाहेरच्या तज्ज्ञाला गाव शिकवण्याऐवजी गावातल्या माणसालाच समुपदेशन शिकवावे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर समुपदेशन करता येते, हे शास्त्रीय चाचण्यांतून दाखवून दिले. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी हेच केले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांसाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत गेले. इंडियन लॉ सोसायटीच्या पुण्यातील मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमातून गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांना भावनिक आधार देण्याचे शिक्षण दिले. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसणाऱ्या आजीबाईंकडून हे काम करून घेतले. तेथील लोक नैराश्याला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. मराठीतल्या ‘विचार लागला’शी त्याचे नाते सांगावे लागत नाही.

तरीही तज्ज्ञांची गरज संपत नाही. गावातल्या कार्यकर्तीला शिकवणारी, तिच्या अडचणी सोडवणारी आणि गंभीर रुग्ण ओळखून पुढे पाठवणारी व्यक्ती शहरातूनच येते. शिवाय गावातलीच व्यक्ती असल्याने काही गोष्टी तिला सांगितल्या जात नाहीत. जावेच्या मैत्रिणीला कोण आपले दुखणे सांगेल? तेथे बाहेरची व्यक्ती लागते, पण ती परकी वाटता कामा नये. १४४१६ या क्रमांकावरची ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून ती मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे फोन उचलणाऱ्यालासुद्धा मराठी प्रमाणभाषेपलीकडची बोली ओळखता यावी लागते.

वर कल्पिलेल्या प्रसंगातील समुपदेशकाने एखादा महिना या पट्ट्यातील घरांत काढला असता, तर तिने कदाचित प्रश्नावली थोडी बाजूला ठेवली असती. ‘‘कधीपासून जीव लागत नाही, वहिनी?’’ असे विचारून ती थांबली असती. ‘निघून जावंसं वाटतं’ म्हणजे माहेरी, की विहिरीकडे, हे तिने न बिचकता विचारले असते. उत्तर काहीही आले असते, तरी बाई गोळ्यांची पुडी घेऊन एकट्या घरी गेल्या नसत्या.